येतो म्हटल्यावर लगेच दार लावू नये

ए विंगच्या गच्चीवरून पाण्याचा पहिला लोंढा खाली आला तेव्हा मी बाल्कनीत चहा पीत बसलो होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. एप्रिल महिना, आकाशात ढगाचा पत्ता नाही, आणि आमच्या इमारतीच्या एकाच बाजूला धो धो पाणी पडतंय! मुलुंड पूर्वेला असं पूर्वी कधी झाल्याचं मला आठवेना. म्हणून मी रत्नप्रभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मुद्दाम हाक मारून ते दृश्य दाखवलं. तिने खाली पाहिलं, वर पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, पंप बंद झाला का?"

"झाला की. बंदचा हुकूम केव्हाच पाठवलाय. हे बघ, मोबाइलवर लिहून आलंय, 'पाठवला'."

"पाठवला ते दिसतंय. पोचला का?"

खरं सांगायचं तर असा प्रश्न असू शकतो हेच मला माहीत नव्हतं. पाठवलेली गोष्ट पोचते, अशी माझी आपली साधी समजूत होती.

आता हे पंपाचं प्रकरण काय ते सांगून टाकतो. आमच्या 'शुभचिंतन' सोसायटीत ए आणि बी अशा दोन विंगा. सकाळी खालच्या टाकीत पाणी येतं, ते पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, टाकी भरली की पंप बंद करायचा. हे काम करणारा वॉचमन दर दोन-चार महिन्यांनी बदलतो, आणि प्रत्येक नव्या वॉचमनची टाकी भरल्याची कल्पना वेगळी असते. म्हणून सोसायटीने दोन्ही पंपांना एकेक पेटी बसवून घेतली. ही पेटी वायफायवर बोलते. आपण तिला विचारायचं, 'पाणी किती?' ती सांगते. आपण म्हणायचं, 'पंप चालू', 'पंप बंद'. ती तसं करते आणि 'झालं' म्हणते. फक्त तिच्याशी बोलणारा कोणीतरी हवा. रत्नप्रभा सोसायटीची सेक्रेटरी. ती भर सभेत म्हणाली, "आमचे हे बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झालेत. ते प्रोग्राम लिहून देतील."

त्यावर बी विंगचे खजिनदार चंद्रप्रकाश सामंत उठले. सामंतांना कोणत्याही गोष्टीला विरोध करायचा असला की ते आधी चष्मा पुसतात. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सेक्रेटरीबाईंच्या घरातच काम? उद्या पाण्याची वाट लागली तर कोणाला विचारायचं?"

"मला विचारा," रत्नप्रभा म्हणाली. "पुढच्या सभेपर्यंत पंप नीट चालला नाही तर मी सेक्रेटरीपद सोडेन."

सभेत टाळ्या पडल्या. मी मात्र खुर्चीत हबकून बसलो. कारण रत्नप्रभाला हे पद मनापासून आवडतं. ती तसं कधी म्हणणार नाही, पण नाकावर चष्मा ठेवून ती सूचनाफलकावर कागद लावते, पार्किंगची भांडणं सोडवते, लिफ्टवाल्याला फोनवर झापते, तेव्हा ती दहा वर्षांनी लहान दिसते. आणि ते पद आता माझ्या प्रोग्रामच्या भरवशावर लटकत होतं. मी बँकेत होतो हे खरं, पण मी निवृत्त झालो तेव्हाचे प्रोग्राम आणि हल्लीचे प्रोग्राम यांचं एकमेकांशी नातं उरलेलं नाही.

हल्ली सगळं 'असिंक्रोनस' असतं. जुन्या पद्धतीत प्रोग्राम एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत काउंटरसमोर उभा राहायचा. नव्या पद्धतीत तो प्रश्न विचारतो, 'उत्तर आलं की हाक मारा' असं सांगतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. हे मला व्हिडिओ बघून बघून समजलं तेव्हा इतका आनंद झाला, की मी स्वयंपाकघरात जाऊन रत्नप्रभाला समजावून सांगितलं.

"म्हणजे एका शेगडीवर कुकर, दुसरीवर आमटी, आणि मधल्या वेळात कणीक मळायची," ती म्हणाली. "शिटी झाली की वळून बघायचं. यात नवीन काय आहे?"

तर असा तो प्रोग्राम मी लिहिला, जुन्या लॅपटॉपवर चढवला आणि तो लॅपटॉप फ्रिजवर ठेवला. प्रोग्राम आणि पेटी यांच्यात बोलण्याची जी लाइन उघडते तिला सॉकेट म्हणतात. लाइन उघडायची कशी, हे प्रत्येक व्हिडिओत सांगतात. हसऱ्या चेहऱ्याने, संगीत लावून सांगतात. बंद करायची कशी, हे सांगायची वेळ येते तोवर त्यांचा व्हिडिओ संपतो. मी आपला माझ्या बुद्धीने एक ओळ लिहिली: हुकूम दिला की लाइन बंद.

घोटाळा तिथेच झाला होता. 'पंप बंद कर' असं म्हणून माझा प्रोग्राम त्याच दमात लाइन कापत होता. शब्द अजून वाटेतच. पेटीला ऐकू गेलं ते अर्धवट, आणि अर्धवट हुकूम पाळायची पेटीला सवय नाही. पंप सुरूच राहिला, टाकी भरली, भरून वाहिली, आणि गच्चीवर सुलक्षणाबाई राऊत यांनी वाळत घातलेल्या कुरडयांवरून तो प्रवाह खाली आला.

सुलक्षणाबाई सर्वात वरच्या मजल्यावर राहतात. त्या जिन्याने खाली आल्या. हातात ताट होतं. ताटात जे होतं ते आदल्या दिवशी कुरडया होत्या आणि आता पुन्हा गव्हाचा चीक झाला होता.

"हे बघा श्यामकांतराव," त्या म्हणाल्या, "तीन दिवस गहू भिजवला, वाटला, चीक काढला, शिजवला. आणि तुम्ही एका सकाळी मला परत तिसऱ्या दिवशी आणून ठेवलंत."

मी म्हणालो, "वहिनी, तांत्रिक अडचण होती. हुकूम वाटेत हरवला."

"मग कुरडयापण वाटेत हरवल्या असं सांगू मी श्वेताला? पोरगी सासरहून रोज फोन करून विचारतेय, वाळल्या का म्हणून."

मी ते ताट ओट्यावर ठेवून घेतलं आणि फोन शोधायला लागलो.

पेटी विकणाऱ्या कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र आहे, तिथे मी फोन लावला. सपना नावाच्या मुलीने फार गोड आवाजात माझी तक्रार नोंदवून घेतली. मी तिला विचारलं, "मॅडम, तुमच्या पेटीशी बोलणं संपवायची रीत काय आहे?" ती म्हणाली, "सर, मी टेक्निकल टीमला विचारून कळवते, लाइनवर राहा." मी लाइनवर राहिलो. सनईसारखं काहीतरी वाजत होतं. सनई चालू असतानाच मोबाइलवर मेसेज आला: 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?' मी एका कानाला सनई धरून दुसऱ्या हाताने उत्तर लिहिलं, 'नाही.' त्यावर दुसरा मेसेज आला: 'ही तक्रार बंद झाली आहे. बंद तक्रारीवर उत्तर पाठवता येत नाही.' आणि सनईही थांबली.

आपण समाधानी आहोत का, हे विचारून उत्तर ऐकायच्या आत निघून जाणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटलीत, पण ती निदान नातेवाईक होती.

शेवटी मी स्वतःच विचार केला. घाईने लाइन कापली म्हणून पाणी वाहिलं, तर आता घाई करायची नाही. पेटी 'झालं' म्हणेपर्यंत प्रोग्रामने लाइन धरून ठेवायची. कितीही वेळ लागो. शिष्टाचार म्हणजे शिष्टाचार. मी तशी दुरुस्ती केली आणि दोन दिवस सगळं छान चाललं. मी सोसायटीच्या ग्रुपवर 'पाणीपुरवठा सुरळीत' असा मेसेजही टाकला. एवढ्या आत्मविश्वासाने मेसेज टाकू नये, हे मला पुन्हा एकदा कळायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल विचित्र वाजली. म्हणजे मध्येच जोरात, मध्येच कच्ची. दार उघडलं तर समोर शरच्चंद्र परब. आमच्याच मजल्यावर राहतात, मूळचे मालवणकडचे. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर धरलेले आणि बोटांना बांगड्याचे खवले चिकटलेले. बेल त्यांनी कोपराने वाजवली होती.

"श्यामकांता, पाणी खंय रे? अर्धे बांगडे साफ केलंय, अर्धे तसेच पडलेत. मांजराक निरोप गेलो, तुका गेलो नाय?"

मी धावत फ्रिजवरच्या लॅपटॉपकडे गेलो. प्रोग्राम जिवंत होता. नुसता जिवंत नव्हता, अत्यंत नम्रपणे वाट बघत होता. झालं होतं असं, की पंपाच्या खोलीत वायफाय येतं-जातं. पेटी कधी कधी 'झालं' म्हणते आणि ते इकडे पोचतच नाही. माझा प्रोग्राम मात्र शिष्टाचाराचा पक्का. तो ती लाइन धरून बसला. मग पुढच्या कामासाठी त्याने दुसरी लाइन उघडली, तीही धरून बसला. पेटीला एका वेळी मोजक्याच लाइनी झेपतात. त्या सगळ्या अशा वाट बघणाऱ्यांनी भरून गेल्या, आणि सकाळी 'पंप चालू' म्हणायला गेलेल्या लाइनला आत शिरायलाच जागा मिळाली नाही.

म्हणजे लवकर उठलो तर पूर, आणि बसून राहिलो तर दुष्काळ. माझ्या डोक्याचा पार गोंधळ उडाला. मग करायचं काय माणसाने?

परबांनी आमच्या बादलीतल्या पाण्याने हात धुतले, खुर्चीत बसले आणि सल्ला द्यायच्या तयारीला लागले. आमच्या इमारतीत पाणी येवो न येवो, सल्ला चोवीस तास येतो.

"तुजी लाइन नीट बंद होत नाय, असोच ना?"

"साधारण तसंच."

"मग ऐक. मी घराक कुलूप लावलंय की दोनदा ओढून बघतंय. बायको गॅस बंद करता, मग परत जाऊन बंद करता. तू पण तसाच कर. एकदा बंद, वर परत एकदा बंद. लाइनीचो बापूस उघडो रवाचो नाय."

हा सल्ला मला एकदम पटला. का पटणार नाही? मीसुद्धा गावाला जाताना खाली रिक्षेत बसल्यावर परत वर येऊन कुलूप ओढून बघतो. कुलूप दोनदा ओढल्याने कोणाचं नुकसान झाल्याचं मी ऐकलेलं नाही. तेव्हा मी प्रोग्रामला थोडी वेळेची मर्यादा घातली, आणि मर्यादा संपली की लाइन बंद करायची, आणि न विसरता लगेच पुन्हा एकदा बंद करायची, अशी सोय केली. रात्री मला निवांत झोप लागली.

आणि खरोखर, ए विंगचं पाणी ठरल्या वेळी यायला लागलं. सुलक्षणाबाईंनी नव्याने गहू भिजत घातला. परबांनी संध्याकाळी डब्यातून तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं पाठवलं. ते माझ्या आवडीचं नाही, पण सन्मान म्हणून मी खाल्लं. फक्त बी विंगच्या लोकांनी माझ्याकडे बघणं बंद केलं. लिफ्टजवळ भेटले तर मोबाइल काढायचे. मला वाटलं, ए विंगचं यश त्यांना बघवत नसावं.

एका संध्याकाळी चंद्रप्रकाश सामंत घरी आले. बसायच्या आधीच त्यांनी चष्मा पुसला, तेव्हाच मी ओळखलं.

"वहिनी, मी स्पष्टच बोलतो," ते रत्नप्रभाला म्हणाले. "आमच्या विंगचा पंप मधेच बंद पडतोय. रोज. टाकी अर्धी राहते. ए विंगला भरपूर आणि बी विंगला ठेंगा. सेक्रेटरी ए विंगची, प्रोग्राम ए विंगचा. लोक बोलायला लागलेत."

"लोक काय बोलतायत?" मी विचारलं.

"तुम्ही बी विंगवर राग काढताय म्हणून."

"मी? अहो, मला माझ्या विंगचं काम धड जमत नाही, तुमच्यावर राग कुठून काढू?"

हे बोलून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे, हे रत्नप्रभाच्या चेहऱ्यावरून कळलं. ती शांतपणे म्हणाली, "सामंत, रविवारी सभा आहे. मी शब्द दिलाय तो लक्षात आहे माझ्या."

"तेच आठवण करून द्यायला आलो होतो," सामंत म्हणाले. चहा प्यायले. मग त्यांनी कप ठेवला, उठले आणि म्हणाले, "बराय. येतो मी."

मी इतका चिडलो होतो की ते उंबऱ्याबाहेर पडताच मी दार लावायला पुढे झालो. पण दार अडलं. रत्नप्रभाने दाराला पाय लावला होता. माझ्याकडे न बघता ती दारात येऊन उभी राहिली, चेहऱ्यावर निरोपाचं हसू आणून.

आपल्याकडची ही पद्धत मला माहीत आहे, तरी मला तिचा कंटाळा आहे. माणूस 'येतो' म्हणाला म्हणजे तो गेला असं नाही. त्याचं नेमून दिलेलं बोलणं संपलं एवढंच. त्यानंतर तो एक चप्पल घालतो आणि थांबतो. लिफ्टचं बटण दाबतो आणि परत वळतो. लिफ्ट येते, रिकामी निघून जाते. आणि यजमानाने हे सगळं संपेपर्यंत दार धरून उभं राहायचं असतं. माणूस दिसत असताना दार लावलं तर ते लोक वर्षभर सांगत फिरतात.

सामंत एका पायात चप्पल घालून उभे होते. रत्नप्रभा काही बोलत नव्हती, नुसती ऐकायला उभी होती. ते म्हणाले, "मुलगी कशी आहे?" बरी आहे. "उकाडा वाढलाय." वाढलाय खरा. त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट वर यायला लागली. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, एक सांगू का? मला तुमचं पद जावं असं वाटत नाही. पण आमचा पंप बंद पडतो तो बरोब्बर तुमचा पंप बंद झाल्यावर. तुमचा थांबला की लगोलग आमचा. मी रोज खिडकीत उभा राहून आवाज ऐकतो. त्यामुळे लोकांना काय सांगू मी?"

"हे मघाशी का नाही बोललात?" रत्नप्रभाने विचारलं.

"मघाशी भांडत होतो ना," सामंत म्हणाले.

लिफ्ट आली, त्यांनी दुसरी चप्पल घातली, तरी ते बोलतच राहिले. पार्किंगवरून ते नगरसेवकाकडे आणि तिथून मुलाच्या दहावीकडे वळले, तेव्हा रत्नप्रभा हसून म्हणाली, "चला, मला कुकर लावायचाय." सामंत लगेच "हो हो, येतो" म्हणाले आणि खरोखरच गेले. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे तिने दार लावलं. एकदाच.

मी तिथेच चपलांच्या कपाटाजवळ उभा राहिलो. तुमचा थांबला की लगोलग आमचा. तुमचा थांबला की... आणि मी धावत जाऊन फ्रिजवरचा लॅपटॉप खाली काढला.

लॅपटॉप प्रत्येक लाइनला एक नंबर देतो, बँकेत टोकन देतात तसा. एका गिऱ्हाइकाचं काम झालं की ते टोकन रिकामं, आणि तेच पुढच्या माणसाच्या हातात. माझा प्रोग्राम ए विंगच्या पेटीची लाइन बंद करायचा. नंबर मोकळा व्हायचा. नेमकी त्याच क्षणी बी विंगची लाइन उघडायची आणि तिला तोच नंबर मिळायचा. आणि मग मी, परबांच्या सल्ल्याने, कुलूप परत एकदा ओढून बघायचो. पण आता ते कुलूप माझं नव्हतं. मी सामंतांच्या घराचं दार लावत होतो, रोज सकाळी, ते बोलत असताना. आणि पुराच्या धास्तीने मीच पेट्यांना सांगून ठेवलं होतं, बोलणं मधेच तुटलं की सुरक्षितता म्हणून पंप थांबवायचा.

"रत्नप्रभा," मी म्हणालो, "तू आत्ता दारात काय केलंस ते मला परत सांग."

"काय केलं? निरोप दिला."

"क्रमाने सांग."

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग सांगितलं. आपलं बोलणं संपलं की आपण गप्प बसायचं, नवीन विषय काढायचा नाही. पण कान उघडे ठेवायचे, कारण माणूस खरं ते शेवटी बोलतो. तो 'येतो' म्हणून खरोखर निघाला की दार लावायचं. फार लांबवायला लागला तर कुकरचं सांगायचं. आणि दार एकानेच लावायचं. "तुम्ही आणि मी दोघांनी मिळून लावलं तर बोट चेमटतं कोणाचं तरी."

मी तेवढं सगळं जसंच्या तसं प्रोग्रामात लिहिलं. आधी आपलं बोलणं पूर्ण पोचवायचं आणि पेटीला सांगायचं, माझं संपलं. मग बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, तिचं संपेपर्यंत. ठरावीक वेळात संपलं नाही तर कुकर. मग बंद, एकदाच, आणि बंद झालंय अशी खूण करून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या कोणाचा हात पुन्हा तिथे जायला नको. यातलं एकही वाक्य कोणत्या व्हिडिओत नव्हतं. किंवा असेल, मी शेवटपर्यंत बघितला नसेल.

दुसऱ्या सकाळी दोन्ही पंप चालले आणि दोन्ही पंप थांबले. त्याच्या दुसऱ्या सकाळीही. मी बाल्कनीत चहा घेऊन बसायचो आणि काहीही पडत नाही हे बघायचो. इमारतीत कोणी अवाक्षर काढलं नाही. पाणी वेळेवर आलं म्हणून शेजाऱ्याला मेसेज पाठवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मला वाटलं, चला, सुटलो.

मी सुटलो होतो, रत्नप्रभा सुटली नव्हती, हे मला रविवारी समजलं.

सभा खाली स्टिल्टमध्ये, गाड्या बाजूला काढून, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. रत्नप्रभा उभी राहिली आणि म्हणाली, "मी म्हटलं होतं, पंप नीट चालला नाही तर पद सोडेन. एकदा पूर आला, एकदा ए विंगला पाणी नव्हतं आणि बी विंगला तर आठवडाभर अर्धंच मिळालं. आता चालतोय, पण शब्द तो शब्द. हा माझा राजीनामा." तिने घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि निघाली. आवाज स्थिर होता. पर्सची चेन मात्र तिला लागत नव्हती.

इतके दिवस मी गोंधळलेला होतो, पण त्या क्षणी मला एक गोष्ट लख्ख कळत होती. ती आपलं बोलणं संपवून, समोरच्याचं न ऐकता निघाली होती. मी उठलो आणि तिच्या वाटेत उभा राहिलो.

"थांब. बोलू नकोस, पण थांब. त्यांचं ऐकून जा."

ती थांबली. सामंत चष्मा पुसत होते. परब जमिनीकडे बघत होते. माझ्या मनात आलं, कोणाकडे काही बोलायचंच नसेल तर? आपण हिला उगाच सगळ्यांसमोर उभं करून ठेवलं तर?

मग मागच्या रांगेतून बी विंगच्या सुंदराबाई गायकवाड उठल्या. त्या सभेला नेहमी येतात आणि कधीच बोलत नाहीत. उठायला त्यांना वेळ लागला, गुडघ्यांमुळे.

"लिफ्ट बंद व्हती तवा," त्या म्हणाल्या, "ह्या बाईनं परत्येक मजल्यावर माझ्यासाठी खुर्ची ठिवली. बसत बसत घरी गेले मी. पंधरवडाभर. माझ्या लेकालाबी सुचलं नाय ते. हिला सोडून कसं चालंल?"

"पण शब्द दिला होता मावशी," रत्नप्रभा म्हणाली.

"आगं, पंप बिघडवला नवऱ्यानं, तू का जातीस? नवऱ्याचा घ्या की राजीनामा."

सगळी सभा एकदम हसली आणि एकदम सहमत झाली. इतकं एकमत आमच्या सोसायटीत बिल्डरविरुद्धसुद्धा झालं नव्हतं. अडचण एवढीच होती की माझ्याकडे राजीनामा द्यायला कोणतंही पद नव्हतं. पण सामंत खजिनदार असले तरी कायद्याचे पक्के. त्यांनी चष्मा लावला आणि ठराव मांडला: 'सेक्रेटरींचा राजीनामा नामंजूर करण्यात यावा. तसेच पंप आता व्यवस्थित चालत असल्याने श्री. श्यामकांत दळवी यांनी पंपाच्या प्रोग्रामला यापुढे हात लावू नये.'

रत्नप्रभा परत टेबलाशी गेली. ठराव लिहायला सेक्रेटरी लागते, आणि सेक्रेटरी तीच होती. तिने पेन उघडलं. "सूचक, चंद्रप्रकाश सामंत," ती लिहिता लिहिता म्हणाली. "अनुमोदक कोण?"

इथे एकही हात वर गेला नाही. हसणं वेगळं, आणि तोंडावर माणसाला कामावरून काढायच्या ठरावाला नाव देणं वेगळं. परब माझे शेजारी. सुलक्षणाबाई कितीही रागावल्या तरी नाव देणार नाहीत. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. रत्नप्रभाचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि ते पुढे सरकत नव्हतं. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव बारगळणार, आणि ठराव बारगळला तर राजीनामा तसाच टेबलावर.

मला राग आला होता हे मी लपवत नाही. ज्या प्रोग्रामसाठी मी डोळे फोडून घेतले, जो आता कुठे शहाण्यासारखा वागायला लागला होता, त्याला हात लावायचीसुद्धा मला बंदी! मी हात वर केला.

"माझं अनुमोदन आहे," मी म्हणालो. पण ते पहिल्या रांगेच्या पलीकडे गेलं नाही.

रत्नप्रभाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सेक्रेटरीचाच होता.

"सभासदांनी जरा मोठ्याने बोलावं. मागच्या रांगेत ऐकू गेलं नाही."

मी मागच्या रांगेला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालो, आणि तिने माझं पूर्ण नाव लिहिलं.